पालकांची शाळा: कागद, पैसा आणि चौथीनंतरची गळती

नाशिकमध्ये स्वतःची शाळा काढायला समविचारी पालकांचा गट जमला की पहिली चर्चा हमखास बंगल्याची होते. गंगापूर रोडला की मखमलाबादकडे, अंगण केवढं, झाडं आहेत का. खरं तर आधी संस्था हवी. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. सहायक धर्मादाय आयुक्तांकडे संस्था आणि सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) अशा दोन्ही नोंदण्या होतात. आमचं स्पष्ट मत असं की या सातांत पहिल्या तुकडीचे पालक तीनपेक्षा जास्त नकोत. मूल शाळेतून गेलं की पालकाचा रस आटतो, नाव मात्र विश्वस्तांच्या यादीत तसंच राहतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला तर पुढे बँकेत सह्यांवरून अडतं.

बालवाडी तुलनेनं सोपी, कारण शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून लागू होतो. पहिलीचा वर्ग मात्र मान्यतेशिवाय भरवता येत नाही. दंड एक लाखापर्यंत, आणि तरी चालू ठेवला तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. त्यामुळे बालवाडीची मुलं मोठ्या गटात जायच्या आतच २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखालच्या अर्जाची तयारी हवी. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर शाळा उभी राहत नाही. दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत करार करा. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, उतार (रॅम्प), कुंपण, पिण्याचं पाणी, मैदान हे सगळं तपासणीत पाहतात. राहत्या बंगल्यात नेमकी यातलीच दोन-तीन कामं अडतात.

आता पैसा. समजा दोन ताईंचे, म्हणजे शिक्षिकांचे, ४४,०००, मावशींचे १०,०००, भाडं २५,०००, साहित्य-वीज-पाणी ९,०००. महिन्याला ८८,०००, वर्षाला १०,५६,०००. वीस मुलं असतील तर प्रत्येकी ५२,८०० पडतात. सहा मुलं गळाली की तोच आकडा ७५,०००च्या वर जातो. सुट्टीतही पगार द्यायचेच असतात. म्हणून किमान चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय जूनमध्ये दार उघडू नये. प्रवेशाच्या वेळी ‘देणगी’ घेऊन ही फट बुजवायचा मोह होतो. ती बेकायदा आहे, दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत.

अशा शाळांना आणखी एक हौस असते, पालकांच्या मुलाखतींची. ‘आपल्या विचारांचे’ पालक निवडायचे म्हणे! कायद्यानं मुलाची किंवा पालकाची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५,०००पर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५०,०००पर्यंत दंड. त्यापेक्षा प्रवेशाचे अर्ज देण्याआधी सगळ्यांसाठी खुली माहिती-बैठक घ्या, गृहपाठ आणि परीक्षांबद्दलची भूमिका तिथेच सांगा, आणि जागा कमी पडल्या तर सोडत काढा.

वर्गात काय शिकवायचं हे ताईंनी ठरवावं. पालकांकडे हिशोब, इमारत, वाहतूक. हे लिहून न ठेवल्यास रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यासक्रम बदलला जातो आणि चांगल्या ताई वर्षभरात सोडून जातात. ताईंना मोकळीक असली तरी पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास भरावे लागतातच, आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदीही ठेवाव्या लागतात. गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेक झाला की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर चढतं, हे मुलं पावसाळाभर आलेखावर मांडू शकतात. बुधवारच्या बाजारातले भाव आणून टक्केवारी काढता येते. पण त्यातून कोणत्या मुलाला काय आलं हे त्याच आठवड्यात लिहायचं. मार्चमध्ये एकदम लिहिलेल्या नोंदी सगळ्या सारख्या दिसतात.

वाढ वर्षाला एक इयत्ता, त्याहून घाई नको. खरी कसोटी चौथीनंतर, गळती तिथेच सुरू होते. इंग्रजी आणि नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा यांची धास्ती सुरू होते, त्यात २०२३-२४पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. याचं उत्तर तिसरीतच द्यायचं असतं: पालकांना वाचन, लेखन, गणिताच्या वह्या समोर ठेवून दाखवा, भाषणं नकोत.

नववी-दहावीला परवानगी वेगळी, प्रयोगशाळा वेगळी. छोट्या शाळेला ते बहुधा परवडत नाही. मुलं दुसऱ्या शाळेत जातात किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, दहावीला बसतात. दोन्हीकडे शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि तो जनरल रजिस्टरवरूनच, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीवरूनच, निघतो. तिथलं नाव आणि जन्मतारीख प्रवेशाच्या दिवशीच जन्मदाखल्याशी ताडून घ्या; नंतरच्या दुरुस्तीला शिक्षण विभागाची मंजुरी लागते.