वॉर्डन रोडवरचा तो बंगला

मी मुंबईत जुने कागद-फोटो साफ करून स्कॅन करायचं काम करते. बहुतेक वेळा घरगुती अल्बमच असतात, पण परवा दादरला एका आजींकडे गेले आणि सगळा दिवस तिथेच गेला. आजी साठच्या दशकात प्रायोगिक नाटकांत छोटी कामं करायच्या. ट्रंकेत तालमींच्या वेळापत्रकांचा गठ्ठा, टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या, ओढलं की फाटणारच, म्हणून खालून प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत एकेक सोडवत बसले, आणि जवळजवळ प्रत्येकावर तोच पत्ता: भुलाभाई इन्स्टिट्यूट, वॉर्डन रोड.

आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचाव करणारे भुलाभाई देसाई १९४६ साली गेले. पुढे त्यांच्या समुद्राकाठच्या बंगल्यात सूनबाई माधुरी देसाईंनी कलावंतांसाठी जागा करून दिली, तीच ही इन्स्टिट्यूट; कारभार सोली बाटलीवाला बघायचे. स्टुडिओचं भाडं दिवसाला एक रुपया! गायतोंडे, हुसेन, नसरीन मोहम्मदी हे चित्रकार तिथे काम करायचे, रविशंकरांचं किन्नर संगीत विद्यालय तिथेच, दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींची नाट्यसंस्था थिएटर युनिट तिथेच, आणि १९६० नंतर विजया मेहतांची नाट्यसंस्था रंगायनसुद्धा. विकायचं काय, खपेल काय हा हिशोब डोक्यात न ठेवता चित्रकार, नाटकवाले, गाण्यावाले एकाच छपराखाली, असं मुंबईत परत नीट जमलंच नाही असं मला मनापासून वाटतं. आता तिथे आकाशगंगा टॉवर आहे, बंगल्याची वीटसुद्धा नाही.

आजींना विचारलं, तालीम नक्की कुठे व्हायची? तर त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि कोऱ्या कागदावर आख्खा बंगलाच काढला. जिना इथे, सतारीचा रियाज या बाजूने यायचा, चित्रकारांची दारं इकडे, चहा प्यायला सगळे इथे समुद्राकडे तोंड करून बसायचे. हात थरथरत होता पण जिन्याचं वळण चुकलं म्हणून खोडून परत काढलं त्यांनी!

तो कागदही मी स्कॅनला घेतला तर नातू म्हणाला, अहो हा आजचा आहे, हा कशाला? मी म्हटलं, पाडलेल्या घराचं आत काय कुठे होतं हे वेळापत्रकात कुठे लिहिलंय? यादीत त्याला वेगळा नंबर दिला, खाली तारीख आणि आजींची सही घेतली. येत्या रविवारी रेकॉर्डर घेऊन परत जातेय, कारण लाइटवाले कोण, पडदा कोण ओढायचं, हे सगळं त्यांना नावानिशी आठवतंय आणि ती नावं कुठल्याच कागदावर नाहीत.