क्रे-लॉक्सचे उंदीर: माझा अनुभव

पीएचडीला लागले तेव्हा क्रे-लॉक्स, म्हणजे हव्या त्या पेशींतूनच जीन कापून काढायचं तंत्र, मला आकृतीपुरतंच ठाऊक होतं: दोन त्रिकोण, मध्ये जीन, एक बाण, जीन गायब. आमच्या उंदरांत एका जीनचा एक्सॉन (जीनचा एक तुकडा) दोन लॉक्सपींच्या, म्हणजे क्रे जिथे कापतं त्या डीएनएतल्या खुणांच्या, मध्ये होता. कापणारं प्रोटीन क्रे होतं अल्ब्युमिनच्या प्रमोटरवर, म्हणजे यकृतपेशींत अल्ब्युमिनचा जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या भागावर. म्हणजे तो एक्सॉन फक्त यकृतपेशींतून जायला हवा. तसं होतंय का, हे दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

लॉक्सपी म्हणजे डीएनएची अवघी 34 अक्षरं. दोन्ही टोकांना 13-13, एकमेकांना उलट्या दिशेने लिहिलेली, आणि मध्ये 8. क्रे हे पी1 या बॅक्टेरियोफेजचं (जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूचं) प्रोटीन. प्रत्येक 13 अक्षरांवर एकेक बसतं, चौघं मिळून दोन्ही जागा जवळ आणतात. मग क्रेच्या 324व्या जागेवरचं टायरोसिन हे अमिनो आम्ल डीएनएचा धागा तोडतं आणि त्यालाच चिकटून राहतं. तोडलेल्या बंधाची ऊर्जा अशी हाताशी राहते, त्यामुळे पुन्हा जोडायला ना एटीपी (पेशीचं इंधन) लागतं, ना लायगेज (डीएनए जोडणारं एन्झाइम). मधली 8 अक्षरं सममित नसतात, आणि खरी गोम तिथेच आहे. दोन्ही लॉक्सपी एकाच दिशेचे असले तर मधला तुकडा गोल होऊन सुटतो. विरुद्ध दिशांचे असले तर तो जागच्या जागी उलटतो. उंदरांची नवी लाइन (वंश) आली की मी आधी सिक्वेन्समध्ये ती 8 अक्षरं शोधते. नकाशातल्या बाणांवर माझा भरवसा नाही.

जीनोटायपिंग, म्हणजे कोणत्या उंदरात कोणता जीन आहे ते तपासणं, तसं कंटाळवाणंच. शेपटीचं टोक, ते विरघळवायला प्रोटिनेज-के, रात्रभर 55 अंश, मग डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती काढणारं पीसीआर. ते तुकडे जेलमध्ये लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्टे, म्हणजे बँड, दिसतात. फ्लॉक्स्ड (लॉक्सपी असलेल्या, न कापलेल्या जीनचा) बँड साध्या बँडच्या जेमतेम वर येतो, म्हणून जेल घाईने थांबवायचं नाही.

यकृताच्या डीएनएत एक्सॉन गेल्याचा बँड झळझळीत आला, पण फ्लॉक्स्ड बँडही फिका दिसत होता. एक सीनियर म्हणाला, "क्रे लीक मारतंय किंवा झोपलंय." मॅडमनी शांतपणे विचारलं, "यकृतात फक्त हेपॅटोसाइट, म्हणजे मुख्य यकृतपेशीच, असतात का गं?" कुप्फर पेशी (यकृतातल्या रोगप्रतिकारक पेशी), रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, यांच्यात अल्ब्युमिन चालूच नसतं, मग क्रे कुठून येणार? कोलॅजिनेजने (ऊतक सुटं करणाऱ्या एन्झाइमने) हेपॅटोसाइट वेगळ्या केल्या, तेव्हा तो फिका बँड जवळजवळ नाहीसा झाला. पिल्लांत तो ठळक दिसतो, कारण अल्ब्युमिन-क्रेचं काम जन्मानंतरही काही आठवडे चालू असतं.

आता मी त्याच उंदराची शेपूट यकृताशेजारीच लोड करते. शेपटीतही एक्सॉन कापला गेल्याचा बँड ठळक दिसला तर क्रे बहुधा आई किंवा बापाच्या जननपेशींत चाललेलं असतं, आणि तो उंदीर ब्रीडिंगमधून बाद. बँडच्या उजळपणावरून टक्केवारी मात्र काढत नाही. छोटा तुकडा पीसीआरमध्ये सहसा जास्त वाढतो.