तो स्टॅग फील्डवाला स्टॅग कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि विचारणारे तुम्ही काही पहिले नाही. शिकागोला आलेल्या पाहुण्यांना हाईड पार्कमधलं, जुन्या स्टॅग फील्डच्या जागेवरचं हेन्री मूरचं शिल्प दाखवायला नेलं की हा प्रश्न येतोच, कारण २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाने स्टॅग फील्ड नावाच्या मैदानाच्या स्टँडखाली पहिली अणुसाखळी प्रक्रिया चालवली एवढं सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. मग हा स्टॅग कोण, फर्मीचा साहेब का?

नाही हो, फुटबॉलचा कोच. अमेरिकन फुटबॉल, ते हेल्मेट घालून एकमेकांना आडवं पाडायचं असतं ते. अणूशी त्याचा संबंध शून्य.

एमोस अलोन्झो स्टॅग, जन्म १८६२, न्यू जर्सी. येल युनिव्हर्सिटीत गेला तो पाद्री व्हायला, बेसबॉलचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) असा भारी की प्रोफेशनल टीम मागे लागल्या होत्या पण हा गेला नाही, मग भाषण आपल्याला जमत नाही म्हणून पाद्री व्हायचंही सोडलं आणि स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संस्था) ट्रेनिंग स्कूलमधे गेला. तिथे बास्केटबॉल शोधणारा जेम्स नेस्मिथ स्टॅगच्या फुटबॉल टीममधे खेळायचा! १८९२ च्या मार्चमधे लोकांसमोर पहिली बास्केटबॉल मॅच झाली, मास्तर विरुद्ध विद्यार्थी. मास्तर ५-१ ने हरले, तो १ मास्तरांकडून खेळणाऱ्या स्टॅगचा.

त्याच वर्षी शिकागो युनिव्हर्सिटी सुरू झाली आणि तिथले प्रमुख हार्पर साहेब यांनी, म्हणजे येलमधल्या त्याच्या जुन्या प्रोफेसरांनीच, त्याला बोलावलं, तेही थेट असोसिएट प्रोफेसर म्हणून, कायमच्या नोकरीवर. मला खरी मोठी गोष्ट ही वाटते. तेव्हा बाकी कॉलेजांत कोच म्हणजे कोणीतरी जुना खेळाडू, सीझनपुरता यायचा आणि जायचा. पीटीच्या सरांना आपल्याकडे स्टाफरूममधे काय मान असतो ते आठवा, म्हणजे कळेल. स्टॅगला दारू नाही, सिगारेट नाही, शिवी नाही. फार चिडला तर पोराला 'गाढव' म्हणायचा, त्याहून चिडला तर 'डबल गाढव'.

अगदी संत वगैरे नव्हता हं. त्याच्याच काळात शिकागोचं फुटबॉल हा मोठा तिकिटांचा धंदा झाला, आणि १९०५ मधे ५६ मॅच न हरलेल्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीमला २-० ने पाडल्यावर तर विचारूच नका. प्रोफेसरकीचा तोटा म्हणजे रिटायरमेंट! १९३२ च्या सीझननंतर ७० व्या वर्षी युनिव्हर्सिटीने त्याला कोचिंगमधून काढलं. ऑफिसातलं काम देऊ केलं होतं, ते त्याने नाकारलं आणि कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या छोट्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला जाऊन पुन्हा शिट्टी गळ्यात घातली. १९४३ मधे देशातला 'कोच ऑफ द इयर' झाला, वय ८१. पुढे पेनसिल्व्हेनियात मुलाच्या टीमला मदत करायचा. १९६५ मधे गेला, १०२ वर्षांचा होऊन.

इकडे शिकागोने १९३९ मधे फुटबॉलच बंद केलं होतं. स्टँड ओस पडले आणि त्यांच्याखालच्या स्क्वॉश कोर्टात फर्मीला गुपचूप काम करता आलं.

फुटबॉल नंतर परत सुरू झालं, नवं स्टॅग फील्ड जवळच आहे. टीम आता कॉलेज स्पर्धांच्या डिव्हिजन थ्रीत, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप कुणालाच नाही, सगळे अभ्यास सांभाळून खेळतात. ऑक्टोबरात आलात तर मॅचला नेतो, शिल्प काय पाच मिनिटांत बघून होतं.