वाटी, सोंगट्या आणि माझा पटर

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर एका रविवारी अठरा होलमध्ये माझे 41 पट झाले, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, ग्रीनवर, चेंडू होलकडे घरंगळवायचे फटके. पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांच्या हिशेबात, दर होलला दोन, म्हणजे 36 पट धरलेले असतात. बाकीचे पाच मी ग्रीनवरच उधळले, तेही बरेचसे मीटरभरावरून. माझी बॅग वाहणाऱ्या कॅडीकाकांनी होलमधला झेंडा परत लावला आणि एवढंच म्हणाले, "साहेब, मनगट मोडतंय."

मी मूळचा कॅरमवाला. पटर, म्हणजे पट मारायची काठीसुद्धा, शेवटच्या क्षणी टिचकी मारल्यासारखी चालवायचो. मागे नेताना लांबलचक, मग मनात धाकधूक, मग हात आखडता आणि वरून टिचकी.

घरी शहाबादी फरशीच्या सांध्यावर चेंडू ठेवून सराव सुरू केला. पलीकडे स्टीलची वाटी. टण्ण! दहातले नऊ. "अहो, आमटीची वाटी आहे ती," बायको म्हणाली. पंधरा दिवस मी खूश. कोर्सवर गेलो तर जैसे थे. मग ट्यूब पेटली: सांध्याला किंचित खोलगटपणा होता आणि चेंडू त्या पन्हळीतून आपोआप सरळ जात होता. सराव माझा नव्हता, फरशीचा होता.

मग कागदावर आकृती काढली. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत 54. तीन मीटरवरून चेंडू एक अंश वाकडा निघाला तर होलपाशी 52 मिलिमीटर बाजूला जातो. एक अंश! आणि तो कुठे निघणार हे मुख्यतः टक्कर होताना पटरचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठे वळलंय त्यावर ठरतं. पटर कुठल्या वाटेने आला याला त्या मानाने कमी महत्त्व. मी मात्र वर्षभर पटर रुळावरून चालल्यासारखा सरळ मागे-पुढे न्यायच्या नादात होतो.

आता सांधा फक्त तोंड काटकोनात लावायला ठेवला आणि चेंडू सतरंजीवर घेतला. चेंडूपुढे वीतभर अंतरावर चार-चार सोंगट्यांच्या दोन थप्प्या, मधे चेंडू जाऊन दोन्हीकडे जेमतेम करंगळी मावेल एवढी फट. तोंड जरा वळलं की थप्पी कोसळते. पहिल्या संध्याकाळी सोंगट्या वेचण्यातच कंबर गेली.

उभं राहण्यातही घोळ निघाला. दोन डोळ्यांच्या मधून चेंडू सोडला तर तो खालच्या चेंडूच्या अलीकडे, पायांच्या बाजूला चार बोटं पडला. म्हणजे चेंडू ज्यावरून जायचा ती लाईन मी तिरकीच बघत होतो. थोडा पुढे सरकलो.

मनगटाचं औषध दोन भागांत मिळालं. दोन्ही काखांत एकच टॉवेल छातीवरून आडवा दाबून धरायचा आणि खांद्यांनीच झोका द्यायचा. हात एकटे पळाले की टॉवेल खाली. आणि पकडीत डावा हात खाली, उजवा वर. टिचक्या मारणारा उजवाच होता, वर गेल्यावर तो निमूट झाला. चार दिवस पटर दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. मधे लांब पटर छातीला टेकवून मारायचाही मोह झाला, पण तसं टेकवायला 2016 पासून नियमाने बंदी आहे.

अंतराचं म्हणाल तर जोर लावणं सोडलं. मनात "एक... दोन" तीच लय, लांब पटाला झोका मोठा, जवळच्याला छोटा. चेंडू गेल्यावरही मान खालीच, होलमध्ये पडल्याचा आवाज कानाने ऐकायचा.

तीन महिन्यांनी 35 पट झाले. अठराव्या होलवर दोन मीटरचा पट मी ठरवल्या लाईनवर तंतोतंत सोडला, आणि तो उताराच्या खालच्या अंगाने होलला चाटून गेला. मी मनगटाकडे बघायला लागलो.

"मनगट नाही साहेब," काका होलमागे उकिडवे बसत म्हणाले, "लाईन चुकली. एक बॉलभर होलबाहेर, डावीकडे धरायचा होता."