ढेलजेच्या भिंतीचं पोट

औसा, मृगाच्या तोंडावर

आज गवंडीमामांनी ढेलजेची, म्हणजे वाड्याच्या दारातल्या ओसरीची, उजवी भिंत उकलली. बाहेरून नुसता फुगवटा दिसायचा. चार दगड काढले, तशी आतून माती, चिपा, खापराचे तुकडे सांडायला लागले. अडीच फूट रुंद भिंत म्हणून जिच्या भरवशावर आम्ही वाढलो, त्या खरं तर दोन पातळ भिंती निघाल्या.

"हिला आरपार दगडच न्हाई," मामा म्हणाले. "दोन तोंडं हायेत, मधी नुसता भराव."

मी तिथंच बसून राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गावं निजली होती तेव्हा, आमच्याच तालुक्यात किल्लारीला हेच झालं. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, अशा भिंतींची तोंडं दोन बाजूंना फाकली आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

माळवदाची माती सालोसाल वाढत जाते. गळती थांबावी म्हणून आजोबा दर उन्हाळ्यात गढीकडची पांढरी माती आणून वर पसरायचे. जुना थर कुणी काढत नसे. दीड फूट माती म्हणजे चौरस फुटाला साठ-सत्तर किलो ओझं. वैशाखात माजघरात गारवा असायचा, तोही त्याच मातीचा.

आमचं घर राहिलं ते खणांमुळे, म्हणजे खांब-तुळयांच्या चौकटींमुळे. छताचा भार सागाच्या खांबांवर आणि तुळयांवर, भिंतीवर नाही. त्या पहाटे परसाकडची भिंत पडली. आजी माजघरात खांबाजवळ निजली होती, तिच्या अंगावर धूळ तेवढी आली. मरेपर्यंत ती सणासुदीला त्या खांबाला हळदकुंकू लावायची. पुढं कितीतरी दिवस सगळे अंगणातच झोपले. मग वडिलांनी माती उतरवून पत्रे टाकले. त्यांची भीती मला समजते, पण पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही.

भिंत पाडून विटांची घ्या, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मला ती पाडायची नाही. चार-चार फुटांवर आरपार दगड घालायचे. एवढा लांब दगड मिळाला नाही, तिथं भोक पाडून सळई आणि काँक्रीट.

पहिला दगड बसला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याचं एक टोक रस्त्यावरून दिसतं, दुसरं ढेलजेतून. उद्या आणखी तीन.