पाच लिटरच्या फवारणी पंपाला नळी-नोझलची पकड: आतापर्यंतचं काम

गच्चीवर बाग असलेल्या बहुतेकांकडे पाच लिटरचा हातपंपाचा फवारा असतोच. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, चवळीवर मावा, लिंबावर अळी, काही ना काही चालू असतं आणि पंप आठवड्याला बाहेर निघतो. पंप चांगलेच असतात. अडचण सुरू होते फवारणी संपल्यावर, कारण नळी आणि दांडी (एका टोकाला खटका, दुसऱ्या टोकाला नोझल असलेली) ठेवायची कुठे याचं उत्तर बऱ्याच पंपांवर नसतंच. मग नळी मुठीला गुंडाळली जाते, नोझल जमिनीवर टेकतं, त्यात माती जाते आणि पुढच्या वेळी फवाऱ्याची छत्री एका बाजूने फाटलेली येते. या पावसाळ्यात मी हाच एक प्रश्न हातात घेतला. टाकीला भोक न पाडता दांडी, नळी आणि नोझल टाकीवरच नीट बसलं पाहिजे, एवढंच ठरवलं होतं.

भोक न पाडण्याची अट सगळ्यात महत्त्वाची. ही टाकी दाब धरते. तिच्या अंगात स्क्रू घालणं म्हणजे दाबाखाली फुटायची जागा स्वतः तयार करणं. डिंक किंवा दोन भाग मिसळून लावायचं सील यांचाही उपयोग नाही, कारण टाकीचं प्लॅस्टिक पॉलिइथिलीनचं असतं आणि त्याला जवळपास काहीच धरून बसत नाही. आज चिकटलेलं उद्या खपलीसारखं निघतं. म्हणून जे काही बसवायचं ते बाहेरून आवळूनच.

आषाढात पहिली रचना केली ती तारेच्या आकड्यांची. मानेभोवती एक कडं, त्याला दोन आकडे, त्यात दांडी उलटी लटकवलेली. नोझल खाली, खटका वर. दिसायला छान. पण ठेवलेल्या पंपाखाली ओल दिसायला लागली आणि तिथे मला या सगळ्या कामाचा मुख्य मुद्दा सापडला. दाब सोडून झाला तरी नळी द्रवाने भरलेली असते. नोझल टाकीतल्या पातळीच्या खाली असेल आणि खटक्याची झडप जराशी जरी गळत असेल, तर नळी वक्रनलिकेचं काम करते आणि टाकीतलं पाणी हळूहळू बाहेर ओढत राहते. झाकण घट्ट असेल तर आत पोकळी तयार होऊन थेंब थांबतात. पण दाब सोडण्यासाठी झाकण सैल केलं की हवा आत शिरते आणि गळणं चालूच राहतं. नोझलखाली वाटी असलेले पंप बाजारात मिळतात. वाटी थेंब झेलते, पण गळण्याचं कारण तसंच राहतं. नोझल द्रवाच्या पातळीच्या वर ठेवलं की कारणच संपतं. म्हणून आता नोझल वर, खटका खाली.

श्रावणात दुसरी रचना, आणि तीच टिकली आहे. वायरिंगसाठी वापरतात तो २० मिमीचा पीव्हीसी पाइप घेतला. त्याचे साधारण ४ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापून प्रत्येकाची उभी एक तृतीयांश पट्टी काढून टाकली. उरलेला तुकडा उकळत्या पाण्यात धरला की मऊ पडतो. तो दांडीपेक्षा किंचित बारीक असलेल्या गजावर दाबून थंड होऊ दिला. अशी पकड दांडी 'टक्' करून धरते आणि एका हाताने ओढली की सोडते. याच पाइपचा एक लांब तुकडा उभा चिरून, तापवून, लाटून सपाट पट्टी केली. तिच्यावर वर-खाली दोन पकडी स्टीलच्या छोट्या बोल्टने बसवल्या. बोल्टची डोकी टाकीच्या बाजूला येतात, त्यामुळे मागे रबराचा तुकडा हवाच, नाहीतर हलताना टाकीवर घासून चर पडतो.

पट्टी टाकीला बांधली आहे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन कड्यांनी. पंक्चरच्या दुकानात अशी ट्यूब सहज मिळते. केबल टायपेक्षा मला ट्यूब जास्त पटली, कारण दाब भरल्यावर टाकी थोडी फुगते आणि रबर तिच्याबरोबर ताणतं. केबल टाय वापरायचेच असतील तर काळे घ्या. काळ्या रंगासाठी घातलेला कार्बन उन्हापासून वाचवतो, पांढरे टाय गच्चीवर लवकर तडकतात.

पट्टी कुठे बसवायची यालाही मी बराच वेळ दिला. दांडी उभी राहिली की नोझल हातपंपाच्या मुठीच्या जरा वर येतं. मुठीच्या रेषेतच पट्टी असेल तर हवा भरताना बोटं नोझलवर आपटतात. पाव वळसा बाजूला घेतली की हात मोकळा राहतो आणि मुठीला धरून पंप उचलतानाही दांडी पायाला लागत नाही.

आता नळी. ती मुठीभोवती गुंडाळली की झाकण उघडताना दर वेळी सोडवावी लागते आणि टाकीतून निघते तिथेच तिला मोड पडतो. बहुतेक नळ्या तिथेच चिरतात. माझ्या टाकीचा व्यास १८ सेंटिमीटर, म्हणजे घेर ५६ ते ५७. नळी १२० सेंटिमीटरची. टाकीच्या खांद्यातून निघून नळी टाकीभोवती एक पूर्ण वळसा घेत, खांबावर चढलेल्या वेलीसारखी तिरकी खाली येते आणि खाली असलेल्या खटक्याला मिळते. वळसा सैल राहतो, मोड कुठेच येत नाही. ट्यूबच्या कड्यांत अडकवलेले दोन छोटे आकडे तिला धरतात, तेवढे पुरतात. फवारताना नळी आकड्यांतून एका झटक्यात सुटते.

ठेवण्याआधी नळी रिकामी करणं मी या रचनेचाच भाग मानतो. आठ मिमी पोकळीच्या १२० सेंटिमीटर नळीत सुमारे ६० मिली द्रव उरतो. तो नीमतेल आणि साबणाचा असेल तर काही तासांत तेल वेगळं होतं आणि नळीला, झडपेला, नोझलला लिंपून बसतं. पुढे थंडीत नीमतेल घट्ट होतं तेव्हा हे फार जाणवेल. उपाय सोपा आहे. साधं पाणी फवारून झालं की थोडा दाब ठेवून टाकी उलटी धरायची आणि खटका दाबायचा. टाकीच्या तळापर्यंत गेलेल्या आतल्या नळकांड्याचं तोंड आता हवेत येतं, त्यामुळे हवाच नळीतून वाहते आणि उरलेलं पाणी फुंकून बाहेर काढते. मग टाकीवरची दाब सोडायची झडप ओढून सगळा दाब सोडायचा आणि दांडी पकडीत. उन्हात ठेवलेल्या टाकीत दाब वाढतो, म्हणून भरलेल्या दाबासह पंप कधीच ठेवायचा नाही. नोझल साफ करायला जुना मऊ दातांचा ब्रश. टाचणी किंवा तार छिद्रात घातली की छिद्राची कड बिघडते आणि फवारा कायमचा बिघडतो.

गणपतीनंतर नोझलवर टोपी घातली. बाटलीचं मोठं बूच, आत स्पंजचा गोल. उभं ठेवलेल्या नोझलवर धूळ बसते, कुंभारमाश्याही असल्या छिद्रांत मातीचं घर करतात. टोपी दोऱ्याने वरच्या पकडीला बांधली आहे.

पुढचं काम गावाकडच्या १६ लिटरच्या बॅटरी पंपाचं. तिथे अडचण जास्त मोठी आहे, कारण नळी टाकीच्या तळातून निघते. दांडी जमिनीवर टाकली तर भरलेली अख्खी टाकी नोझलच्या वर असते. नोझल टाकीच्या झाकणापेक्षा वर न्यावं तर लांब दांडी गोठ्याच्या दारात डोळ्यांच्या उंचीला येते. म्हणून दांडी सांध्यावर उघडून दोन भागांत, टाकीच्या पाठपट्ट्यांच्या उलट बाजूला उभी बसवायचा विचार आहे. टाकीचा आकार तिथे चपटा आहे, ट्यूबची कडी कोपऱ्यांवरून घसरतील, तेव्हा पट्टीच्या दोन्ही टोकांना खाच पाडावी लागेल. दिवाळीत गावी गेलो की मापं घेतो.