उभ्या-उभ्या दोन टाको

लॉस एंजेलिसमध्ये बाहेर जेवायला जायचं म्हणजे घरचं कार्य असल्यासारखी धावपळ. आधी टेबल राखून ठेवा, मग गाडी लावायला जागा शोधा. बसल्यावर हसतमुख मुलगी आपलं नाव सांगणार, पाणी साधं हवं की बुडबुड्यांचं विचारणार आणि पहिला घास तोंडात असतानाच ‘सगळं छान आहे ना?’ करून जाणार. तोंड भरलेलं, त्यामुळे मान डोलवायची. जेवण चांगलं असतं, नाही असं नाही. पण उठताना जेवल्यापेक्षा पाहुणचार सोसल्यासारखं वाटतं.

टाको म्हणजे टॉर्टिया या मेक्सिकन पोळीत मांस घालून केलेला पदार्थ. त्याच्या ट्रकवर असलं काही नसतं. अंधार पडायला लागला की पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात किंवा बंद झालेल्या टायरच्या दुकानापुढे तो येऊन उभा राहतो. (ट्रक एका जागी तासाभराहून जास्त थांबणार असेल, तर आत काम करणाऱ्यांसाठी दोनशे फुटांच्या आत स्वच्छतागृह हवं, असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे. पेट्रोल पंप सोयीचा पडतो तो असा.) जनरेटर घरघरत असतो आणि परतलेल्या मांसाचा वास सिग्नलपर्यंत आलेला असतो. खिडकीशी जायचं, कुठलं मांस आणि किती टाको ते सांगायचं. ‘कोन तोदो?’ असा प्रश्न येतो. कांदा-कोथिंबीर सगळं घालू ना? ‘सी’ म्हणायचं. माझं स्पॅनिश इथे सुरू होतं आणि इथेच संपतं, पण पोट भरायला तेवढं पुरतं.

मी बहुतेक वेळा ‘अल पास्तोर’ घेतो. ला ब्रिया आणि व्हेनिस या रस्त्यांच्या चौकात, पेट्रोल पंपाच्या आवारात ‘लिओज’चा ट्रक असतो, तिथे हे मांस उघड्यावर कापताना बघायला मिळतं. उभ्या सळईवर डुकराच्या मांसाचे मसाला लावलेले पातळ काप एकावर एक रचून भलामोठा भोवरा केलेला असतो, आणि त्याच्या डोक्यावर अननस. लाल रंग मिरच्यांचा आणि शेंदरीच्या बियांचा. बाहेरचा थर आचेवर करपत आला की कापणारा लांब सुरीने तो खरवडतो, तुकडे थेट हातातल्या टॉर्टियावर पडतात. मग सुरी वर जाते, मनगटाला एक झटका, अननसाची चकती हवेतून येते आणि टाकोत पडते. झेलताना तो तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. हा सगळा प्रकार मुळात शोरमाचा. लेबनॉनकडची माणसं मेक्सिकोत, पुएब्लाला येऊन राहिली, त्यांनी उभी सळई आणली. पुढे मेक्सिकोने त्यात आपली मिरची घातली. तो मेक्सिकोतून इथे लॉस एंजेलिसच्या पंपावर आला आणि आता मी पुण्याचा माणूस तो खातोय.

टॉर्टिया मक्याची, तळहाताएवढी, आणि एका टाकोला बहुधा दोन. एक रसाने मऊ पडून फाटते, तेव्हा दुसरी कामाला येते. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, मग दळतात. चुना म्हणजे विड्याच्या पानाला लावतो तोच. त्याने सालं सुटतात, पीठ चिकटून येतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने अमेरिकेतून मका नेला, चुन्याची रीत मात्र नेली नाही, आणि जिथे गोरगरीब मक्यावरच जगत होते तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. आपल्याकडे मक्याची भाकरी थापताना कडा का फाटतात, हेही मला इथेच उमगलं.

एकदा सासूबाईंना नेलं होतं. त्या यवतमाळच्या, शाकाहारी. तिथलं राजम्याचं सारण कधी कधी डुकराच्या चरबीत परततात, त्यामुळे ते टाळून त्यांच्यासाठी चीजची केसादिया (आत चीज घालून दुमडून भाजलेली टॉर्टिया) आणि सोबत ‘हामाइका’ नावाचं लालभडक सरबत घेतलं. त्यांनी एक घोट घेतला, पेला दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, “अहो, ही तर लाल अंबाडीची बोंडं!” खरंच तीच. मग हिरव्या साल्साचा, म्हणजे चटणीचा, नंबर लागला. “यात कच्चा टोमॅटो नाही, दुसरंच काहीतरी आंबट आहे,” हेही त्यांनी अचूक ओळखलं. ते टोमॅटिओ असतं, पातळ पापुद्र्यातलं हिरवं फळ. साल्साच्या तीन वाट्या संपल्या. केसादिया निम्मी उरली.

इथले लोक या ट्रकांवर जीव टाकतात, पण सरकारदरबारी त्यांचे लाड झालेले नाहीत. १९७४ मध्ये राउल मार्तिनेझ यांनी आइस्क्रीमची जुनी गाडी टाकोची करून पूर्व लॉस एंजेलिसमध्ये आणली. तिचीच पुढे ‘किंग टाको’ ही मोठी साखळी झाली. आणि २००८ मध्ये कौंटीने नियम काढला की ट्रक एका जागी तासाहून जास्त थांबला तर हजार डॉलर दंड किंवा सहा महिने कैद! जवळच्या हॉटेलवाल्यांच्या तक्रारी होत्या. लोकांनी ‘कार्ने आसादा (भाजलेलं गोमांस) हा गुन्हा नाही’ म्हणत मोहीम काढली आणि त्याच वर्षी कोर्टाने तो नियम मोडीत काढला. वर्ष सरायच्या आत रॉय चॉय यांचा ‘कोगी’ ट्रक आला, टाकोत कोरियन मांस घालून. आज कुठे थांबलोय ते ट्विटरवर कळवायचं आणि लोक गाड्या काढून तिकडे धावायचे. त्यानंतर ट्रकची फॅशनच झाली. हल्ली ट्रफल या महागड्या अळंबीचं तेल शिंपडलेले टाकोही मिळतात, पैसे देताना समोर टिप मागणारा स्क्रीनही येतो. तिथे मी सहसा जात नाही.

खाण्याची एक पद्धत आहे. लिंबू आधी पिळायचं, साल्सा नंतर, मुळ्याची चकती बाजूला. पाय जरा फाकवून उभं राहायचं, मान तिरपी करायची. टाको सरळच धरायचा, नाहीतर सगळा ओघळ कोपरापर्यंत येतो. शेजारी रंगाचे डाग पडलेल्या विजारीतला माणूस, त्याच्या शेजारी लग्नाहून परतलेली सुटाबुटातली मंडळी, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या. बोलत कुणी नाही. दोन-तीन मिनिटांत टॉर्टिया गार होऊन चामट होते, तेवढ्यात तो संपवायचा असतो. म्हणून एकदम पाच मागवण्यात अर्थ नाही, शेवटचे दोन वाया जातात. दोन घ्यावेत. तिसरा हवासा वाटतोच. त्यासाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, आणि ती रांग तोवर पंपाच्या हवा भरायच्या नळापर्यंत गेलेली असते.